विश्लेषण : रिपोर्टवर ‘बॅरेट’ लिहिलंय, म्हणजे कर्करोग होणारच का?

अन्ननलिकेतील कर्करोगपूर्व बदलांचा धोका आधीच ओळखणाऱ्या नवनव्या चाचण्या येत आहेत. मात्र धोक्याचा आकडा कसा काढला आणि रुग्णाला तो कसा सांगितला, हा प्रश्न चाचणीइतकाच महत्त्वाचा आहे.

गेल्या दिवाळीनंतर नात्यातल्या एका काकांनी व्हॉट्सअ‍ॅपवर एंडोस्कोपीच्या रिपोर्टचा फोटो पाठवला. खाली एकच प्रश्न होता, ‘अरे, यात कॅन्सर लिहिलंय का?’ रिपोर्टच्या शेवटच्या ओळीत ‘बॅरेट्स इसोफेगस’ असे शब्द होते आणि त्यापुढे प्रश्नचिन्ह. बायोप्सी घेतलेली नव्हती. बदल किती सेंटीमीटरचा आहे, हेही लिहिलेले नव्हते. काकांनी ते दोन शब्द मोबाइलवर शोधले आणि त्यांना सापडले, ‘कर्करोगाचा धोका ११ पट’. पुढचे दोन आठवडे ते धड जेवले नाहीत.

११ पटींचा हा आकडा खोटा नाही. पण तो ज्या अभ्यासातून आला, त्याच अभ्यासात आणखी एक आकडा आहे, वर्षाला ०.१२ टक्के. म्हणजे असे निदान झालेल्या दर हजार लोकांमागे वर्षाला साधारण एकाला कर्करोग. दोन्ही आकडे एकाच सत्याचे आहेत. पहिला वाचून माणूस जेवण सोडतो, दुसरा वाचून पुढच्या तपासणीची तारीख लिहून ठेवतो. धोक्याचा अंदाज बांधणारे शास्त्र झपाट्याने पुढे जात असताना हा फरक समजून घेणे गरजेचे आहे.

‘बॅरेट’ म्हणजे नेमके काय?

आपल्या अन्ननलिकेचे आतले अस्तर चपट्या पेशींच्या अनेक थरांचे असते. घास घसरून जाण्यासाठी ते योग्य असते, पण जठरातील आम्ल सहन करण्यासाठी ते बनलेले नाही. वर्षानुवर्षे आम्ल वर येत राहिले, तर काही लोकांमध्ये अन्ननलिकेच्या खालच्या टोकाचे अस्तर बदलते. चपट्या पेशींच्या जागी आतड्यातल्यासारख्या उभट पेशी येतात. शरीराने आम्लाशी केलेली ही एक तडजोडच म्हणता येईल.

नॉर्मन बॅरेट या ब्रिटिश शल्यविशारदांचे नाव या स्थितीला मिळाले. गंमत म्हणजे १९५० मध्ये खुद्द बॅरेट यांना हा भाग अन्ननलिकेचा नसून वर ओढले गेलेले जठर आहे असे वाटत होते. फिलिप अ‍ॅलिसन यांनी १९५३ मध्ये ती अन्ननलिकाच असल्याचे दाखवले आणि पुढे बॅरेट यांनीही ते मान्य केले.

या बदललेल्या अस्तरातून ‘अ‍ॅडिनोकार्सिनोमा’ या प्रकारचा कर्करोग होऊ शकतो. तो एकदम होत नाही. आधी साधा बदल, मग पेशींची रचना थोडी बिघडलेली ‘लो ग्रेड डिस्प्लेझिया’, त्यानंतर अधिक बिघडलेली ‘हाय ग्रेड डिस्प्लेझिया’ आणि शेवटी कर्करोग, असा साधारण क्रम मानला जातो. बहुतेक लोक पहिल्याच पायरीवर आयुष्य काढतात. खरा प्रश्न आहे तो वर चढणारे मोजके लोक आधी कसे ओळखायचे हा.

०.१२ टक्के आणि ११ पट, दोन्ही कसे खरे?

डेन्मार्कमध्ये देशभरातील रुग्णांच्या नोंदी ठेवल्या जातात. त्यांच्या आधारे ११,०२८ बॅरेट रुग्णांचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याआधी वर्षाला ०.५ टक्के धोका गृहीत धरून तपासणीची वेळापत्रके आखली जात होती. प्रत्यक्षात तो ०.१२ टक्के निघाला. सर्वसामान्य लोकांमध्ये हा कर्करोग इतका दुर्मीळ आहे की, ११ पट होऊनही तो हजारात एकाच्या आसपासच राहतो. ‘पट’ हा शब्द वाचताना ‘कशाच्या पट?’ हे विचारायलाच हवे, ते यासाठी.

याच अभ्यासातील आणखी एक बाब फारशी सांगितली जात नाही. निदानानंतर पहिल्या वर्षातच १३१ जणांना कर्करोग असल्याचे आढळले. त्यानंतरच्या काळात, सरासरी पाच वर्षांच्या पाठपुराव्यात, फक्त ६६ जणांना. पहिल्या वर्षातील बरेचसे कर्करोग निदानाच्या वेळीच तिथे असावेत, असा याचा अर्थ लावता येतो. म्हणूनच पहिली एंडोस्कोपी निगुतीने होणे ही धोका ओळखण्याची पहिली आणि सर्वात महत्त्वाची पायरी आहे. दर दोन सेंटीमीटरवर चारही बाजूंनी नमुने घ्यावेत, बदल किती लांब पसरला आहे ते मोजून लिहावे, हे नियम त्यासाठीच आहेत. बदल एक सेंटीमीटरपेक्षा कमी असेल, तर त्याला बॅरेट म्हणूच नये, असे आजची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात.

सर्वात स्वस्त चाचणी : दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टचे मत

धोक्याचा अंदाज म्हटले की जनुकीय चाचणी किंवा एआय डोळ्यांसमोर येते. पण या क्षेत्रातील सर्वात धक्कादायक निष्कर्ष साध्या सूक्ष्मदर्शकाखालचा आहे.

नेदरलँड्समधील सर्वसाधारण रुग्णालयांत ‘लो ग्रेड डिस्प्लेझिया’ असे निदान झालेल्या १४७ रुग्णांच्या काचपट्ट्या तज्ज्ञ पॅथॉलॉजिस्टनी पुन्हा पाहिल्या. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ८५ टक्के रुग्णांचे निदान खालच्या श्रेणीत गेले. त्यांना खरे तर डिस्प्लेझिया नव्हताच. त्यांचा पुढचा धोका वर्षाला ०.४९ टक्के निघाला. उरलेल्या १५ टक्के रुग्णांचे निदान मात्र पक्के झाले आणि त्यांच्यात हाय ग्रेड डिस्प्लेझिया किंवा कर्करोगाकडे जाण्याचा वेग वर्षाला १३.४ टक्के होता.

म्हणजे रिपोर्टवर शब्द तेच, आजाराचे नाव तेच, आणि धोक्यात २७ पटींचा फरक. हा फरक कुठल्या महागड्या यंत्राने दाखवलेला नाही. अनुभवी डोळ्यांची दुसरी जोडी त्यासाठी पुरेशी ठरली. दाहामुळे सुजलेल्या पेशी आणि खरोखर बिघडू लागलेल्या पेशी दिसायला सारख्या असतात, हे त्यामागचे कारण.

पक्के निदान झालेल्यांसाठी उपचारही आहे. रेडिओलहरींच्या उष्णतेने बदललेले अस्तर जाळून टाकले जाते. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपातील एका चाचणीत असे १३६ रुग्ण होते. तीन वर्षांत फक्त देखरेखीखाली ठेवलेल्यांपैकी २६.५ टक्के पुढच्या टप्प्यात गेले, उपचार घेतलेल्यांपैकी दीड टक्का. मात्र उपचार घेतलेल्या दर आठांपैकी साधारण एकाची अन्ननलिका आक्रसली आणि ती फुगवून रुंद करावी लागली. चुकीच्या निदानावर हाच उपचार केला, तर फायदा नगण्य आणि त्रास मात्र तेवढाच.

कागद-पेनावरचा अंदाज

२०१८ मध्ये संशोधकांनी २,६९७ रुग्णांच्या माहितीवरून एक साधी गुणपद्धती मांडली. पुरुष असल्यास ९ गुण, सिगारेट ओढण्याचा इतिहास असल्यास ५, बदललेल्या अस्तराच्या प्रत्येक सेंटीमीटरला १ आणि पक्का लो ग्रेड डिस्प्लेझिया असल्यास ११. बेरीज १० पर्यंत आली तर धोका कमी, ११ ते २० मध्यम आणि २० पेक्षा जास्त म्हणजे अधिक. कर्करोग किंवा हाय ग्रेड डिस्प्लेझिया होण्याचा या तीन गटांचा वार्षिक दर अनुक्रमे ०.१३, ०.७३ आणि २.१ टक्के होता.

उदाहरणार्थ, कधीही सिगारेट न ओढलेली, दोन सेंटीमीटरचा बदल असलेली स्त्री : गुण २. सिगारेट ओढणारा, सहा सेंटीमीटरचा बदल असलेला पुरुष : ९ अधिक ५ अधिक ६, म्हणजे २०. पहिली व्यक्ती कमी धोक्याच्या तळाशी आहे, दुसरी मध्यम गटाच्या वरच्या कडेला. आज दोघांच्याही रिपोर्टवर ‘बॅरेट’ हा एकच शब्द असतो आणि दोघेही सारखेच घाबरतात.

ही पद्धत परिपूर्ण नाही. ती गटाचा अंदाज देते, व्यक्तीचे भविष्य सांगत नाही. पण तिच्यात एक मोठा गुण आहे. आकडा कुठून आला, हे रुग्णाला दिसते. ‘संगणकाने सांगितले’ यापेक्षा ‘या चार गोष्टींमुळे’ हे उत्तर पचायला सोपे असते. शिवाय त्यातली सिगारेट आजपासून सोडता येते.

जनुकांवरून आधी कळते का?

काही प्रमाणात, हो. पण ‘बिघाड सापडला म्हणजे कर्करोग होणार’ असे सरळ गणित नाही. ब्रिटनमधील सँगर इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी २०१८ मध्ये पूर्ण निरोगी अन्ननलिकेचे अस्तर तपासले, तेव्हा मध्यमवयीन लोकांमध्ये त्याचा मोठा भाग जनुकीय बदल झालेल्या पेशींनीच व्यापलेला आढळला. ‘नॉच १’ या जनुकातील बदल तर कर्करोगापेक्षा निरोगी अस्तरातच जास्त दिसले. वय वाढते तसे अस्तर बदलते आणि बहुतेकांना त्याचा पत्ताही लागत नाही.

बॅरेटच्या बाबतीत भेद दाखवणारे जनुक म्हणजे ‘पी ५३’. पेशीतील बिघाड हेरून तिला थांबवणारा हा पहारेकरी निकामी झाला की धोका वाढतो. त्याचबरोबर गुणसूत्रांचे तुकडे किती गहाळ झाले, किती दुप्पट झाले, यावरही संशोधकांचे लक्ष आहे. २०२० मध्ये केंब्रिजच्या गटाने जुन्या, साठवून ठेवलेल्या बायोप्सींवर हे मोजले. कर्करोगाच्या दहा वर्षे आधीपर्यंतच्या नमुन्यांत वेगळेपण दिसू शकते, असे त्यांना आढळले. डोळ्यांना साध्या दिसणाऱ्या पेशींतही हा गोंधळ आधीपासून सुरू असतो.

हे संशोधन मोलाचे आहे. त्याचा वापर मात्र जपून व्हायला हवा. त्याचे कारण शालेय गणितातच आहे.

९० टक्के अचूक चाचणी किती वेळा चुकेल?

समजा, बॅरेट असलेले १०,००० लोक आहेत. वर्षाला ०.१२ टक्के या दराने पाच वर्षांत त्यांच्यापैकी साधारण ६० जणांना कर्करोग होईल. आता अशी एक चाचणी कल्पा, जी होणाऱ्यांपैकी ९० टक्के लोक ओळखते आणि न होणाऱ्यांपैकी ९० टक्के लोकांना बरोबर निर्धास्त करते. ही चाचणी ६० पैकी ५४ जणांना पकडेल, फार चांगले. पण उरलेल्या ९,९४० निरोगी लोकांपैकी १० टक्के, म्हणजे ९९४ जणांनाही ती ‘धोका’ असाच इशारा देईल. इशारा मिळालेल्या १,०४८ लोकांत खरे ५४. म्हणजे साधारण १९ जणांत एक.

चाचणी वाईट आहे असे यातून सिद्ध होत नाही. घटना दुर्मीळ असली की खोटे इशारे वाढतातच, हे कुठल्याही यंत्रातील बिघाडाचा अंदाज बांधणाऱ्याला ठाऊक असते. तिथे खोट्या इशाऱ्याची किंमत एक जादा तपासणी असते. इथे ती एका माणसाची झोप असते. म्हणून ‘९० टक्के अचूक’ ही जाहिरात अर्धवट आहे. ‘इशारा मिळालेल्या किती जणांना खरेच आजार होतो?’ हा प्रश्न विचारल्याशिवाय पैसे मोजू नयेत.

सगळ्यांवर नजर ठेवून जीव वाचतात का?

इतकी वर्षे उत्तर ‘हो’ असेच गृहीत धरले गेले. ब्रिटनमध्ये ३,४०० हून अधिक बॅरेट रुग्णांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत विभागणी करण्यात आली. एका गटाची दर दोन वर्षांनी एंडोस्कोपी, दुसऱ्याची फक्त लक्षणे दिसल्यास. दहा वर्षांहून अधिक काळ पाठपुरावा केल्यावर दोन्ही गटांतील मृत्यूंमध्ये लक्षणीय फरक आढळला नाही. दुसऱ्या गटातील अनेकांचीही अधूनमधून एंडोस्कोपी झाली आणि कर्करोगाचे रुग्ण दोन्हीकडे मोजकेच होते, हे लक्षात घेऊनही निष्कर्ष दुर्लक्षिण्याजोगा नाही. सरसकट सगळ्यांना वारंवार नळी घालण्याचा फायदा आपण समजत होतो तितका नाही.

दुसरीकडे, या कर्करोगाच्या बहुतेक रुग्णांना आपल्याला आधी बॅरेट होते हे कधी कळलेलेच नसते. स्वीडनमधील १९९९ च्या एका गाजलेल्या अभ्यासात अशा रुग्णांपैकी सुमारे ४० टक्क्यांना नियमित छातीत जळजळण्याचा त्रासही नव्हता. म्हणजे ज्यांना फारसा धोका नाही ते रांगेत उभे आहेत आणि ज्यांना आहे ते रांगेतच नाहीत.

यावर केंब्रिजच्या रिबेका फिट्झगेराल्ड यांच्या गटाने दोरा बांधलेल्या स्पंजचा उपाय काढला आहे. कॅप्सूल पाण्याबरोबर गिळायची, जठरात ती विरघळते, आतला स्पंज फुलतो आणि काही मिनिटांनी परिचारिका दोरा ओढून तो बाहेर काढते. येताना तो अन्ननलिकेच्या पेशी खरवडून आणतो. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ही सोय देऊ केलेल्या ६,८३४ लोकांमध्ये वर्षभरात १४० जणांना बॅरेटचे निदान झाले. नेहमीच्या पद्धतीने उपचार घेणाऱ्या ६,३८८ लोकांत फक्त १३ जणांना. याच स्पंजवरील पेशींत ‘पी ५३’ चा बिघाड पाहून कोणाची एंडोस्कोपी आधी करायची, हे ठरवण्याचे प्रयोगही तिथे सुरू आहेत. दिशा योग्य आहे : सगळ्यांना सारखे तपासण्याऐवजी आधी निवड, मग तपासणी.

भारतात हा आकडा लागू होतो का?

इथे थांबून विचार करायला हवा. वर दिलेले जवळपास सगळे आकडे युरोप-अमेरिकेतील आहेत. तिथे गेल्या काही दशकांत अ‍ॅडिनोकार्सिनोमा कित्येक पटींनी वाढला. भारतात अन्ननलिकेचा जो कर्करोग प्रामुख्याने आढळतो, तो वेगळा आहे, ‘स्क्वॅमस’ प्रकारचा. तो मूळच्या चपट्या पेशींतूनच होतो. त्याचा संबंध पित्ताशी नसून मुख्यतः तंबाखू, सुपारी आणि दारूशी आहे. सुपारी तंबाखूशिवायही कर्करोगकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच स्पष्ट केले. ६५ अंशांहून अधिक गरम पेये ‘बहुधा कर्करोगकारक’ असल्याचे तिनेच २०१६ मध्ये सांगितले.

या कर्करोगाचीही आधीची पायरी असते. चीनमधील लिनशियान भागात १९८७ मध्ये एंडोस्कोपी केलेल्या ६८२ लोकांचा साडेतेरा वर्षे पाठपुरावा झाला. चपट्या पेशींत सौम्य डिस्प्लेझिया असलेल्यांपैकी २४ टक्के, मध्यम असलेल्यांपैकी ५० टक्के आणि तीव्र असलेल्यांपैकी ७४ टक्के लोकांना कर्करोग झाला. अस्तर निरोगी असलेल्यांत हे प्रमाण ८ टक्के होते. तो भाग या कर्करोगासाठी जगात कुप्रसिद्ध आहे, त्यामुळे हे आकडे आपल्याकडे जसेच्या तसे आणता येणार नाहीत. पण बॅरेटच्या ०.१२ टक्क्यांशी तुलना केली, तर ‘कर्करोगपूर्व’ हा एकच शब्द किती वेगवेगळ्या धोक्यांना लावला जातो, हे दिसते. अशी जागा साध्या एंडोस्कोपीत सहज सुटते. आयोडीनचे द्रावण फवारले की निरोगी अस्तर तपकिरी होते आणि बिघडलेला भाग फिका राहतो. खर्च अगदी किरकोळ.

माझ्या मते आपल्याकडे प्राधान्यक्रम उलटा झाला आहे. शहरांत अ‍ॅसिडिटीच्या भीतीने एंडोस्कोपी होते, रिपोर्टवर ‘बॅरेट?’ लिहिले जाते. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी असली, तरी मिश्री लावणाऱ्या, तंबाखू मळणाऱ्या माणसाला मात्र घास अडकेपर्यंत कुणी विचारत नाही. परदेशी धोकामापन चाचण्या इथे विकायला येतील, तेव्हा त्या भारतीय रुग्णांवर तपासल्या आहेत का, हा पहिला प्रश्न असायला हवा.

मग रिपोर्ट हातात आल्यावर काय विचारावे?

डॉक्टरांना चार प्रश्न विचारता येतील. बदल किती सेंटीमीटरचा आहे? बायोप्सी घेतली का आणि तीत काय आले? डिस्प्लेझिया लिहिला असेल, तर दुसऱ्या अनुभवी पॅथॉलॉजिस्टने काचपट्ट्या पाहिल्या का? आणि माझ्यासारख्या शंभर लोकांपैकी पुढच्या पाच वर्षांत किती जणांना कर्करोग होतो? डिस्प्लेझिया नसेल, तर अमेरिकी मार्गदर्शक तत्त्वांनुसार तीन सेंटीमीटरपेक्षा कमी बदलासाठी पुढची एंडोस्कोपी पाच वर्षांनी, त्याहून जास्त असल्यास तीन वर्षांनी पुरते. मात्र घास अडकणे, वजन घटणे, रक्ताची उलटी किंवा काळी शौच यांपैकी काहीही असेल, तर कुठल्याही गुणांची बेरीज न करता लगेच डॉक्टर गाठावेत.

रुग्णालये आणि प्रयोगशाळांकडून अपेक्षा त्याहून साधी आहे. लांबी आणि बायोप्सीशिवाय ‘बॅरेट’ हा शब्द रिपोर्टवर येऊ नये. आला, तर शेजारी धोक्याचा आकडा ‘पट’मध्ये नव्हे, दर हजारी लिहिलेला असावा.

काकांना महिन्याभराने दुसऱ्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी पडद्यावर दाखवले की अन्ननलिका आणि जठर जिथे जुळतात, ती रेघ थोडी वेडीवाकडी आहे, एक सेंटीमीटरही वर सरकलेली नाही. हे बॅरेट नाही. काकांनी सुटकेचा श्वास टाकला आणि सवयीने हात खिशात घातला. डॉक्टरांनी त्या खिशाकडे बोट दाखवून विचारले, ‘ही तंबाखू किती वर्षांपासून?’ काका म्हणाले, ‘तीस.’ दोन आठवडे त्यांना जेवू न देणारी भीती चुकीच्या जागी होती. ज्या पुडीची भीती वाटायला हवी होती, ती तेवढे दिवस खिशातच होती.